आधी आखायचं, मग आणायचं

बाईंच्या घरात पहिल्यांदा कुणी आलं, की ते दारातच थबकायचं आणि काळजीनं विचारायचं, "चोरी झाली का हो?" गॅसवाल्यानं विचारलं होतं, कुरिअरवाल्यानं विचारलं होतं, आणि आमच्या ह्यांच्या आत्यानं तर "पोलिसांत कळवलं का?" इथपर्यंत मजल मारली होती. बाई शांतपणे सांगायच्या, "चोर आला होता खरा. पण त्याला दया आली, तोच काहीतरी ठेवून जायला बघत होता. मीच नको म्हटलं."

नगरला सावेडीत त्यांचं घर. खाली त्या एकट्या आणि वर आम्ही भाडेकरू. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून साऱ्या गल्लीच्या त्या 'बाई'. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. गळ्यात कायम मापाची टेप आणि कमरेला खोचलेला शिंप्याचा निळा खडू. ती टेप त्या लग्नकार्यातसुद्धा काढायच्या नाहीत. एकदा एका लग्नात पंगतीत बसल्या, तर शेजारच्या दोघीतिघी हात वर करून ब्लाउजची मापं द्यायला तयार.

घरात काय होतं म्हणाल, तर एक खाट, एक शिलाई मशीन, दोन खुर्च्या आणि भिंतीतल्या फडताळात मावतील एवढी भांडी. त्यांच्याकडे दोन माणसं आली की जिन्यात हाक यायची, "अगं, खुर्ची घेऊन ये! आणि स्वतःलाही एक आण." मी कुरकुरत दोन्ही हातांत दोन खुर्च्या घेऊन उतरायची. पुढं पुढं तर बाईंकडं कुणी येताना दिसलं, की मी हाक यायच्या आधीच खुर्ची उचलायची. कटकट नाही तर काय!

संक्रांतीला तर गल्लीत यांच्यामुळं दरवर्षी तमाशा व्हायचा. वाण लुटायला बायका काय काय आणतात ते काय मी सांगायला नको. साबणाच्या डब्या, प्लॅस्टिकच्या चाळण्या, चमचे, कंगवे. घरोघरी तसल्या डब्यांचे ढीग. यजमान नसले तरी बाईंना वगळायची गल्लीत कुणाची टाप नव्हती. बाई शेजारणीकडं जायच्या, तिळगूळ घ्यायच्या, गोड बोलायच्या आणि उठताना ती साबणाची डबी तिच्याच हातात परत ठेवायच्या. "तुझा मान घेतला गं. डबी तुझ्याकडंच राहू दे, माझ्याकडं साबण एकच आहे." समोरच्या बंगल्यातल्या वहिनींनी त्यावरून वर्षभर अबोला धरला होता. आणि यांचं स्वतःचं वाण काय? तर दारात मशीन मांडून बसायच्या आणि म्हणायच्या, "घरातलं काहीतरी उसवलेलं घेऊन या, शिवून देते. नवीन काही मिळणार नाही." तोंडं वाकडी करत का होईना, पण सगळ्या पिशव्या भरभरून घेऊन यायच्या. अबोला धरलेल्या वहिनीसुद्धा!

आता या अशा बाईच्या दारात मी माझा संसार घेऊन उभी राहिले, ते ऐका.

माझ्या लग्नाच्या वेळी आई नव्हती. आमचं गाव पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कडेला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकट्यानं सगळं केलं. त्यांना धास्ती एकच, "आई न्हाई म्हनून पोरीला कमी दिलं" असं कुणी म्हणायला नको. मग काय! गावातल्या ज्या बाईनं जे सांगितलं ते त्यांनी घेतलं. कपाट, शोकेस, ड्रेसिंग टेबल, टीपॉय, कूलर आणि दोन मिक्सर. दोन का, तर दोघींनी सांगितलं म्हणून. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दिवाण. बांधावरचा जुना कडुलिंब तोडून, गावच्या सुताराकडून, स्वतः समोर बसून करून घेतलेला. आप्पा उंचेपुरे, त्यामुळं दिवाणही त्यांच्याच मापाचा. चार माणसं लागल्याशिवाय जागचा हलायचा नाही.

गावातल्याच एकाचा टेम्पो होता. तो फाटकाशी थांबला, आप्पा उतरले, आणि बाई टेप घेऊन आडव्या आल्या.

"हे किती घरांचं सामान आहे?"

"एकाच. माझ्या लेकीचं," आप्पा अभिमानानं म्हणाले.

"आणि लेक कुठं राहणार? टेम्पोत?"

टेम्पोवाला तिकडून ओरडला, "अवो बाई, मला माघारी जाऊन कांदा भरायचाय! उतरू द्या की!"

"कांदा कुठं पळून जात नाही," बाई म्हणाल्या. "आधी आखायचं, मग आणायचं. कापडाला जो नियम तोच घराला."

आणि खरोखर त्या वर आल्या. टेपचं एक टोक ह्यांच्या हातात दिलं, एक माझ्या, आणि स्वतः गुडघ्यावर बसून फरशीवर प्रत्येक वस्तू निळ्या खडूनं आखली. इथं कपाट, इथं शोकेस, इथं टीपॉय. आमचा हॉल बघता बघता लंगडीचं मैदान झाला. मग म्हणाल्या, "आता आठवडाभर या रेघांवर पाय न देता राहा. सामान खाली माझ्या पडवीत झाकून ठेवा. जिथली रेघ टिकेल ती वस्तू वर आणायची. जिथली पुसेल तिथून माणसाला जायचंय, तिथं काही ठेवायचं नाही. डोक्याला कळत नाही ते पायांना कळतं."

नवी नवरी मी, नवा संसार, आणि आमचे हे सकाळी तोंडात ब्रश घेऊन एका पायावर उड्या मारत मोरीकडं निघालेले! मला हसावं की रडावं कळेना. पण सांगायला हरकत नाही, शोकेसची रेघ दुसऱ्याच दिवशी गेली. ड्रेसिंग टेबलाचीही गेली. टीपॉयवरून तर मीच चार वेळा चालत गेले, स्वयंपाकघराची वाटच ती. कपाट मात्र भिंतीशी शहाण्यासारखं टिकलं.

आणि दिवाणही टिकला. खिडकीखाली, एवढा लांबलचक, चारी बाजूंनी शाबूत. मी तर मनातल्या मनात फुगडीच घातली. आठवडा संपला तशी आप्पाही आले होते, सामान लागलेलं बघायला. मी बाईंना हात धरून खिडकीपाशी नेलं. "बघा, एवढीशीसुद्धा पुसली नाही. आता आणायचा ना?"

बाई खाली बसल्या आणि तळहातानं ती सगळी रेघ पुसून टाकली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "हे काय केलंत? टिकली होती की!"

"टिकली म्हणूनच पुसली. इथं कुणाचा पाय येत नाही, म्हणजे इथं माणूस झोपू शकतं. एका माणसाची पथारी पडेल एवढी जागा घरात मोकळी पाहिजे. ही माझी जागा समज, भाड्याच्या अटीत धर."

घर भाड्यानं द्यायचं आणि त्यातला तुकडा स्वतःकडं ठेवायचा! मी काही बोलणार, एवढ्यात त्या आप्पांकडं वळल्या. "आप्पा, दिवाण उत्तम झालाय. मी खाली माझ्या घरात ठेवते. राहील तुमच्या लेकीचाच." आणि एक वस्तू आत आली तर एक बाहेर, हा त्यांचा दुसरा कायदा, म्हणून त्यांनी स्वतःची खाट त्याच दिवशी दूधवाल्याला देऊन टाकली. ज्या बाईनं साबणाची डबी कधी घरात घेतली नाही, तिनं हा हत्ती घेतला. पण तेव्हा मला त्याचं कसलं कौतुक!

आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. हळूच म्हणाले, "लेकीच्या घरात न्हाई बसला, तर मंग कशाला तोडला लिंब?" चहासुद्धा न घेता ते एसटीला गेले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. दिवाळीला बाजरी आली, तूर आली, शेंगा आल्या, टेम्पोवाल्याबरोबर. आप्पा नाहीत. फोनवर विचारलं की म्हणायचे, "काम लई हाय गं." मला कळत होतं ना कसलं काम ते. आई नाही, माहेर म्हणजे एवढा एकच माणूस, आणि तोच माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवीना. बाईंशी मी जेवढ्यास तेवढं बोलायची. खुर्च्या न्यायची, पण आपटून ठेवायची.

बाईंना ते कळायचं. एकदा त्यांनी मला सुईत दोरा ओवायला बोलावलं. ते निमित्त होतं, चष्मा लावला की त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. म्हणाल्या, "माझंही घर असं नव्हतं गं. लग्न झाल्यावर हौसेनं सगळं घेतलं. मोठा सोफा, मध्ये काचेचं टेबल, कोपऱ्यात फुलदाणी. श्रीरामपूरहून माझी आई आली राहायला. तिला सोफ्यावर बसवलं. ती बिचारी पाय वर घ्यावेत की खाली सोडावेत, अशी अवघडून बसली. पाठ टेकायला जागा शोधत होती आणि मी तिला फुलदाणी दाखवत होते. संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. कोंबड्या एकट्या आहेत म्हणाली." दोरा मी ओवून दिला होता, तो त्यांनी परत बाहेर ओढला. "कोंबड्या नव्हत्याच तिच्याकडं. त्यानंतर पावसाळ्यात गेली ती."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जिना चढताना मनात आलंच, तुमच्या आईपायी माझ्या बापाला का तोडलंत?

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले. खुबा मोडला. नगरच्याच दवाखान्यात आणलं, ऑपरेशन झालं. घरी सोडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, जिना चढायचा नाही, खाली मांडी घालून बसायचं नाही, उंच खाट पाहिजे, आणि वॉकर धरून रोज चालायचं, चालताना कशाला अडखळायचं नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गावचं घर म्हणजे तीन उंबरे आणि संडास लांब. आमचं घर माडीवर. आता या माणसाला न्यायचं कुठं? मी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी, आणि समोरून बाई आल्या. थेट आत गेल्या. मागं जाऊन पाहते तर आप्पांच्या कॉटशी ठेवलेल्या वॉकरची रुंदी मोजताहेत!

"बसतो," टेप गळ्यात टाकत त्या म्हणाल्या. "माझ्या घरात कुठूनही कुठंही जाईल."

आप्पांनी मान फिरवली. "मालकिनीच्या घरात? न्हाई जमायचं."

"मालकीण वर राहायला चाललीय. घर रिकामं आहे आणि दिवाण तुमचाच आहे. आता फक्त 'व्हय' म्हणा, रिक्षा थांबलीय."

त्या दिवशी बाई एक उशी आणि एक चादर घेऊन आमचा जिना चढल्या. खिडकीखाली पथारी पसरली, वर बसल्या आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. "सांगितलं होतं ना, ही माझी म्हणून?"

मी खाली आप्पांकडं गेले. ते दिवाणावर पडून लाकडावरून हात फिरवत होते. म्हणाले, "याला तेल पाजलंय गं कुनीतरी. बघ कसा रंग चढलाय." मी काय सांगणार? मी वर्षभरात त्या दिवाणाकडं रागानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तेल बाईंनीच लावलं होतं, सणावारी, जसं घरच्या माणसाला लावतात तसं.

मग सुरू झाली आप्पांची शाळा. बाई सकाळी खाली उतरायच्या आणि दिवाणापासून एक निळी रेघ ओढायच्या. "आज इथपर्यंत." दुसऱ्या दिवशी थोडी पुढं. आधी मोरीपर्यंत, मग दारापर्यंत, मग पडवीत. त्या मोकळ्या फरशीवर वॉकर खटखट करत चालायचा, मध्ये ना टीपॉय, ना कोपरा, ना पायपुसणं. आप्पा कुरकुरायचे, "मला काय चोळीचा खण समजल्यात का? रोज आखत्यात!"

"खण बरा," बाई म्हणायच्या. "तो उलटून बोलत नाही."

"अवो, दमलो मी."

"रेघ दमली नाही अजून. चला."

दोघांची अशी जुंपायची, की समोरच्या वहिनी अबोला विसरून कठड्याला टेकून ऐकत उभ्या राहायच्या. दुपारी दोघं चहा पीत बसायची. आप्पा बांधावरच्या लिंबाच्या गोष्टी सांगायचे आणि बाई फाटकं काहीतरी शिवत हुंकार द्यायच्या. आईबद्दलही सांगायचे. माझ्याजवळ ते कधी आईचं नाव काढायचे नाहीत, मलाही तिथं बसूनच बरंच काही कळलं.

रेघ एक दिवस जिन्याच्या पायथ्याशी पोचली. डॉक्टरांची परवानगी बाईंनी आधीच विचारून ठेवली होती. मी वर भाकरी थापत होते, आणि जिन्यात आवाज आले, "कठडा धरा. धरलात? आता चांगला पाय वर." पिठाच्या हातानं मी दारात धावले. आप्पा धापा टाकत शेवटच्या पायरीवर उभे, मागं बाई. उंबऱ्यावर आप्पा क्षणभर थांबले, मग पाय आत टाकला. मी नुसतं "आप्पा" म्हटलं आणि खुर्ची पुढं ओढली.

त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी सगळं घर नजरेनं फिरून पाहिलं. खिडकीखाली बाईंची पथारी होती. चादर नीट घडी केलेली, तिच्यावर उशी, उशीवर चष्मा.

"इथं बसला असता दिवान," आप्पा म्हणाले.

"बसला असता की," बाई म्हणाल्या.

आप्पा बराच वेळ त्या उशीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आन् मंग तुमी कुठं झोपला असता?"

आप्पाच आधी हसले. मग बाई हसल्या. मी स्वयंपाकघरात पळाले, तवा तापून लाल झाला होता, आणि माझ्या डोळ्यांतून धार लागली होती. धूर झालाय म्हणून सांगितलं.

बरे होऊन गावी परतल्यावर आप्पा वर्षातून दोनदा तरी यायचे. आले की आधी खाली, मग वर. पुढं आम्ही सावेडीतच तळमजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला लोकांनी भिंतीवरची घड्याळं आणली. बाई रिकाम्या हातानं आल्या, तशी आत्याबाईंनी भुवई उडवलीच. बाईंनी घरभर हिंडून पाहिलं, कमरेचा खडू काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "तुझ्या या पांढऱ्या फरशीवर पांढरा खडू दिसायचा नाही. निळाच लागेल."

मागच्या वर्षी बाई गेल्या. दुपारी दिवाणावर आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. पुण्याहून मुलगा आला. घर आवरायला त्यानं दोन दिवसांची रजा काढली होती आणि सगळं एका रिक्षात मावलं. तो पडवीत नुसता बसून राहिला. म्हणाला, "ताई, आवरायलासुद्धा काही ठेवलं नाही हो आईनं." दिवाणाचं विचारलं तर म्हणाला, "तो तुमचा. आईनं केव्हाच सांगून ठेवलंय."

आता आप्पा थकलेत, आमच्याकडंच असतात. मला वाटलं, चला, शेवटी लिंब लेकीच्या घरात येणार. मी बाईंचाच खडू घेतला, बाईंसारखीच गुडघ्यावर बसले आणि हॉलमध्ये खिडकीखाली दिवाण आखला. आप्पा काठी टेकून बघत होते. आठवडाभर सगळे रेघ चुकवून चालले.

आठवडा झाला त्या सकाळी बाईंच्या घरून दिवाण आणायला मी टेम्पोवाल्याला बोलावलं, तोच तो गावचा. बाहेर येऊन बघते तर आप्पा खाली बसलेले. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलेलं, आणि हा माणूस खिडकीखाली बसून तळहातानं रेघ पुसतोय!

"आप्पा! अहो, काय करताय? टिकली होती ना रेघ?"

"व्हय. टिकली हुती." हाताला निळं लागलेलं त्यांनी धोतराला पुसलं. "दिवान ह्या टेम्पोवाल्याला दे. त्याची आई पडलीय, तिला खाली बसता येत न्हाई. सांगत हुता परवा."

"आणि इतकी वर्षं तुमच्या मनात होतं, लेकीच्या घरात..."

"लिंब माझा हुता, पोरी. जागा बाईंची हाय. ऱ्हाऊ दे मोकळी."

मी आणि टेम्पोवाल्यानं मिळून त्यांना उठवलं. ती जागा तशीच आहे. आल्यागेल्याची पथारी पडते तिथं, आणि कुणी नसलं की नुसतं ऊन पडतं.

परवा समोर नवीन राहायला आलेली शेजारीण ओळख करून घ्यायला आली. छान सजवलेलं घर बघायच्या आशेनं आली असावी. त्या मोकळ्या फरशीपाशी थबकली आणि विचारलं, "इथं सोफा यायचाय का अजून?"

मी काही बोलायच्या आत खुर्चीवरून आप्पा म्हणाले, "न्हाई वो. तिथं आमच्या बाई झोपत्यात."

तिनं आप्पांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पदर सावरला आणि पाय न वाजवता, त्या रिकाम्या फरशीला वळसा घालून, हळूच माझ्यामागं स्वयंपाकघरात आली.